पाटीची रिकामी जागा

तालमीच्या भिंतीवरच्या नावांच्या पाट्यांमध्ये, दुसऱ्या ओळीत, तोशिओ न्हावी आणि बंदरावरचे हिगाशी यांच्या नावांमध्ये, एका पाटीएवढी जागा रिकामी होती. मागचा देवदाराचा फळा बाकी सगळीकडे उकळलेल्या चहासारखा तपकिरी झाला होता. या एवढ्या आयतात मात्र तो फिका होता, जवळजवळ सायीच्या रंगाचा. कडा सरळ होत्या. वरचा खिळा चकचकीत होता.

कानाए दारातच मोज्यांनिशी उभी राहून त्या जागेकडे पाहत होती. चटईवर पाय ठेवायचा नाही, हे तिने कोणी न सांगता पाळलं होतं. चौदा वर्षांपूर्वी ज्युदो सोडून जाळीच्या पिंजऱ्यातल्या व्यावसायिक लढती लढायला ती टोकियोला निघाली, तेव्हा आजोबांनी तिच्या नावाची लाकडी पाटी भिंतीवरून उतरवली होती. पाटी उतरली की माणूस तालमीचा उरत नाही, हे कुराहाशींच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नसे. त्यानंतर दर नव्या वर्षाला आणि उन्हाळ्यात पितरांच्या दिवसांत ती घरी येई. जेवे, आजोबांचे खांदे चेपून देई, दोघं बर्फाबद्दल आणि माशांबद्दल बोलत. घरात ते आजोबा होते. चटईवर त्यांना गुरुजी म्हणायचं असे, आणि तो शब्द तिने चौदा वर्षांत तोंडातून काढला नव्हता.

या वेळी ती एक मागणं घेऊन आली होती. पिंजरा सोडायचा आणि याच चटईवर पोरांना शिकवायचं. पण जिची पाटीच भिंतीवर नाही तिने ते मागायचं कसं, याचं उत्तर टोकियोहून इथपर्यंतच्या प्रवासात तिला सुचलं नव्हतं.

“ताई! तू तर संध्याकाळी येणार होतीस ना?”

मागे तोमोया उभा होता, तिचा मामेभाऊ. पांढरा ज्युदोचा सदरा, कमरेला काळा पट्टा, आणि एक हात छातीवर घट्ट दाबलेला.

“सकाळची गाडी मिळाली. छातीला काय झालं?”

“काही नाही. थंडी.”

“एकाच बाजूला वाजते?”

“मी जरा पायऱ्यांवरचं बर्फ काढून येतो हं,” असं म्हणून तोमोया निघूनही गेला. फावडं दाराशीच राहिलं.

स्वयंपाकघरात कानाएची आई सुमिए गोड सारात शिजणारे अझुकीचे लाल दाणे ढवळत होती. तालमीत आज नव्या वर्षाचे गोळे फोडायचे होते. कुटलेल्या भाताचे, एकावर एक ठेवलेले दोन पांढरे गोळे नवीन वर्षापासून देव्हाऱ्यापुढे होते आणि आता ते दगडासारखे कडक झाले होते. त्यांना सुरी लावायची नसते. लाकडी मोगरीने फोडायचं, तुकडे या गोड सारात शिजवायचे, आणि पोरांनी वर्षातला पहिला सराव करून ते खायचं. पहिला घाव तालमीच्या प्रमुखाचा.

लेक आत आली तेव्हा सुमिएने आधी पळी बाजूला ठेवली, मग तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डाव्या डोळ्याखालची सूज उतरून पिवळी झाली होती.

“टीव्हीवर याहून वाईट दिसत होतं.”

“टीव्हीवर सगळंच मोठं दिसतं, आई.”

“तो पट्टा कुठाय?”

कानाएने सुपरमार्केटची पिशवी पुढे केली. पिशवीत, धुवायच्या कपड्यांखाली, वर्षाच्या शेवटच्या रात्री जिंकलेला अजिंक्यपदाचा पट्टा होता.

“अगं, निदान कागदात तरी गुंडाळायचास! वास येतोय त्याला.”

“माझाच वास आहे.”

“म्हणूनच म्हणते.”

दोघी हसल्या. सुमिएला लेकीचं ते सुरुवातीचं वर्ष आठवलं. दिवसा डबे भरण्याच्या कारखान्यात काम, संध्याकाळी एखाद्या तळघरातल्या सभागृहात पंचवीस-तीस माणसांपुढे लढत. सुरुवातीच्या तिन्ही लढती ती हरली होती. दर वेळी फोनवर म्हणायची, “आई, मजा आली.” सुमिएला तेव्हा फोन आपटावासा वाटे. मग कोरियातल्या लढती आल्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया आली, एकदा जिंकलेला पट्टा गेला, आणि आता चौतिसाव्या वर्षी तो परत आला. मजा येणं मात्र कधी थांबलं नाही. हे पोरीचं वेड तिच्या आजोबांकडून, आपल्या वडिलांकडून आलंय, हे सुमिएला माहीत होतं. वडिलांना ते सांगायची सोय नव्हती.

“आई, तालमीत पोरं किती आहेत गं आता?”

पळी क्षणभर थांबली. हा प्रश्न कानाएने कधी विचारला नव्हता.

“आहेत की. तुझी लढत झाल्यापासून तर मुलींची रांग लागलीय. का?”

“सहज.”

सुमिए पुन्हा ढवळू लागली. तिच्या पोटात आधीच दोन गोष्टी होत्या. एक तोमोयाची, गेल्या महिन्यातली. दुसरी तिच्या वडिलांची, बरीच जुनी. आता ही तिसरी येऊन बसली. पातेल्यावर झाकण ठेवताना आपणही एक पातेलंच आहोत, असं तिला वाटलं.

तेवढ्यात मागचं दार सरकलं आणि मोरिओचा आवाज त्याच्याआधी आत आला. “कुठाय आमची अजिंक्यवीर? ताई, पाट मोकळा कर, मासा ठेवायचाय!”

मोरिओ सुमिएचा धाकटा भाऊ, तोमोयाचा बाप. बंदरावर त्याचा बर्फाचा कारखाना होता, त्यामुळे गावातला सगळ्यात चांगला बुरी, म्हणजे थंडीतला मोठा चरबीदार मासा, आधी त्याच्या नजरेस पडे. आजचा मासा त्याच्या हाताएवढा लांब होता.

“मोरिओमामा, एवढा कोण खाणार?”

“तू. वजन कमी करून करून काडी झालीयेस. लढत बघताना मी तर ओरडलो, अरे तिला आधी कोणीतरी जेवायला घाला! बरं, उन्हाळ्यातली लढत पक्की ना? बाजारपेठेत फलक लावायचाय.”

“आज रात्री कळवते म्हटलंय आयोजकांना.”

“त्यात कळवायचं काय? हो म्हणायचं! आणि आज दुहेरी आनंद आहे बघ. बाबा आज तालमीच्या वारसाचं नाव सांगणार. तीन वर्षं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी चाललंय. आज मोगरी तोमोयाच्या हातात जाणार. मी सोयरेधायऱ्यांना बोलावून ठेवलंय.”

“बाबा म्हणाले तसं?” सुमिएने विचारलं.

“म्हणायला कशाला हवं? एकच तर नातू आहे.”

सुमिएने झाकण काढून पुन्हा ठेवलं. कानाए माशाकडे बघत राहिली. तोमोया गेली पाच वर्षं पोरांना शिकवत होता, चांगलं शिकवत होता. त्याच्या तोंडचा घास काढून घ्यायला आपण आलोय की काय, हे तिच्या मनात आलं आणि मागणं आणखी थोडं आत गेलं.

वाट्या तालमीत नेण्याचं काम कानाएवर आलं. तालमीच्या दारापर्यंत नेऊन ती ठेवी, आणि तोमोया तिथून उचलून आत मांडी. प्रत्येक खेपेला तिची नजर त्या फिक्या आयताकडे जाई. चौथ्या खेपेला तिने वाट्या खाली ठेवल्या आणि ती नीट बघू लागली.

टोकियोतल्या तिच्या खोलीत भिंतीवर एक दिनदर्शिका होती. ती काढली तेव्हा मागे असाच फिका चौकोन निघाला होता. पुढची दिनदर्शिका लावायची राहून गेली, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तो चौकोन भिंतीत मिसळून गेला. मग उजेडात देवदार चौदा वर्षं फिका कसा राहील? आणि वापर नसलेला खिळा गंजायचा सोडून चकाकेल कसा?

“तोमोया, इकडे ये.”

“वाट्या कमी पडल्या?”

“त्या जागेवर एरवी काय असतं?”

“कुठल्या जागेवर?”

“तोमोया.”

ती आवाज न चढवता एवढंच म्हणाली. पण पिंजऱ्यात समोरच्याकडे बघावं तशी बघत होती, आणि ती नजर देशभर टीव्हीवर दिसली होती. तोमोयाने मागे वळून कोणी नाही याची खात्री केली, सदऱ्यात हात घातला आणि एक लाकडी पाटी बाहेर काढली. कुराहाशी कानाए. आजोबांच्या हातची काळी अक्षरं. पाटी त्याच्या अंगाने गरम झाली होती.

“तू संध्याकाळी येणार म्हणून आम्ही निवांत होतो,” तो म्हणाला. “स्टेशनवरून तुला चढावर येताना हिगाशीकाकांनी पाहिलं आणि फोन केला. मी स्टुलावर चढलो, पाटी काढली, तोवर तू दारात. ठेवणार कुठे?”

“आम्ही म्हणजे?”

“मी आणि आजोबा. ते नुसती हनुवटी वर करतात, मी चढतो. तू गेलीस की परत लावायची.”

“कधीपासून?”

“तू गेलीस त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः लावली परत. मी तेरा वर्षांचा होतो, स्टूल मीच धरलं होतं. नंतर तू नव्या वर्षाला आलीस, तर दाराचा आवाज ऐकून त्यांनी पुन्हा काढली. मग तशीच पद्धत पडली गं.”

“पद्धत!”

“गुडघे दुखायला लागले तेव्हापासून माझ्याकडे आलंय ते काम.”

“सगळ्यांना माहितीये?”

“बाबा सोडून. ते इथे फिरकतात ते नव्या वर्षाला, तू आलेली असतेस तेव्हाच. बाबांना सांगितलं असतं तर बंदरावरच्या बोटींनासुद्धा कळलं असतं.”

“आणि आईला?”

“आत्या रोज केर काढते इथला.”

कानाए भिंतीला टेकली. खांदे हलताना पाहून तोमोया घाबरला. मग ती हसतेय हे त्याला कळलं. हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले आणि सुजेवर बाही लागली म्हणून “आई गं” म्हणाली.

“मी चौदा वर्षं त्यांच्या बोलावण्याची वाट पाहिली, तोमोया.”

“आणि ते तुझ्या विचारण्याची. दोघं सारखेच आहात. मधल्यामध्ये माझे पाय गेले स्टुलावर चढून.”

“मला इथे शिकवायचंय,” ती एकदम म्हणाली. “लढणं बास. पण तालीम तुला मिळणार असेल तर मी हे बोललेच नाही असं समज.”

तोमोयाचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने कपाळाला हात लावला आणि तोही हसायला लागला. “ताई, अगं, तू हे फोनवर नाही का सांगायचंस? मी गेला महिनाभर झोपलो नाहीये!”

पोरं रांगेत गुडघ्यांवर बसली होती. मागे त्यांचे आईबाप, बाजूला जुने काळे पट्टे, कोपऱ्यात रॉकेलची शेगडी. मोरिओ पुढच्या बाजूला, इस्त्रीच्या कोटात. लहानपणी या चटईवर तो फार लवकर पडायचा. वडिलांनी त्याला कधी रागावलं नाही, फक्त पुढच्या पोराकडे वळले. ते त्याला अजून आठवत असे. आज त्याचा मुलगा पुढे जाणार होता, म्हणजे हिशोब पूर्ण होणार होता. कानाए उघड्या दारापलीकडे लाकडी जमिनीवर बसलेली त्याला दिसली. आत का येत नाही ही, एवढा पट्टा जिंकून, असं त्याच्या मनात आलं. मग भिंतीकडे लक्ष गेलं आणि त्याने नजर वळवली.

आजोबा, तेत्सुझो कुराहाशी, देव्हाऱ्यापुढे उभे राहिले. त्र्याऐंशी वर्षांचे, गावातले हाडवैद्य. समोर बसलेल्या निम्म्या माणसांचे खांदे त्यांनी कधी ना कधी जागेवर बसवले होते. त्यांनी मोगरी उचलली, गोळ्याकडे पाहिलं आणि ती तोमोयापुढे धरली.

“घे.”

मोरिओचे डोळे भरून आले.

तोमोयाने दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली नेलं.

“गुरुजी, मला क्षमा करा. मी घेऊ शकत नाही. मी एप्रिलमध्ये लग्न करतोय. मित्सुकीशी. तिच्या वडिलांना मुलगा नाही. मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांचं आडनाव लावून, माशाच्या वड्यांचं दुकान सांभाळायला.”

बाजूच्या जुन्या काळ्या पट्ट्यांच्या माना मोरिओकडे वळल्या.

“घरजावई?” मोरिओ उठलाच. “कुराहाशींचा एकुलता एक नातू घरजावई होणार? माशाच्या वड्या थापणार?”

“लग्नात पाहुण्यांना देतात त्या वड्या, बाबा. रंगीत. मला आवडतं ते काम. मी गेलं वर्षभर पहाटे जाऊन शिकतोय.”

“पहाटे तू धावायला जात होतास ना!”

“त्यांच्या दुकानापर्यंत धावत जात होतो.”

मागच्या आया तोंडावर हात धरून हसू लागल्या. मोरिओने बहिणीकडे पाहिलं. “ताई, तुला माहीत होतं?”

“हो. आणि मित्सुकी चांगली पोर आहे. खाली बस, मोरिओ, पोरं बघतायत.”

“बाबा, तुम्ही तरी काही बोला!”

तेत्सुझोंनी थोडा विचार केला. “वड्या चांगल्या असतात त्यांच्या,” ते म्हणाले.

आता मात्र सगळी तालीम हसली. मोरिओ बसला. बसल्यावर त्याला जाणवलं की मुलगा इतका ताठ, इतका स्पष्ट आजवर कधी बोलला नव्हता. इथे या चटईवर, सगळ्यांसमोर, आणि पडला नव्हता. “दुकानाला बर्फ लागत असेल,” तो पुटपुटला.

“रोज लागतं, बाबा.”

“मग मला आधी सांगायला काय झालं होतं?”

मोगरी अजून तेत्सुझोंच्या हातात होती. ती घ्यायला कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, हे शब्द आता येणार असं सगळ्यांना वाटलं.

दारापलीकडे कानाएने मोजे काढले. ती उंबऱ्याच्या अगदी कडेला, चटईला स्पर्श न करता, गुडघ्यांवर बसली. हात टेकले. सुमिए पातेलं तिथेच सोडून तिच्या मागे येऊन उभी राहिली होती.

“गुरुजी,” कानाए म्हणाली. शब्द अपेक्षेपेक्षा मोठ्याने बाहेर पडला. “चटईवर यायची परवानगी द्या.”

म्हाताऱ्याने मान वळवली नाही. “किती दिवसांसाठी?”

“कायमची. उन्हाळ्यातली लढत मी घेत नाही. मला पोरांना शिकवायचंय. इथे.”

सुमिएने दाराची चौकट धरली.

“एकतीस तारखेला,” तेत्सुझो सावकाश म्हणाले, “हात अडकवलास तेव्हा गुडघे सैल होते तुझे. ती दुसरी जरा चपळ असती तर निसटली असती.”

“हो, गुरुजी.”

“आणि तिचा अंगठा वर हवा होता. दहा वेळा सांगितलंय.”

“पण तुम्ही तर त्या रात्री लवकर झोपला होता ना? आई म्हणाली.”

“दवाखान्यातला टीव्ही आवाज बंद करून बघत होते,” सुमिए मागून म्हणाली. “लढत संपल्यावर बाहेर येऊन मला म्हणाले, बर्फ फार पडतंय.”

तेत्सुझोंचे कान लाल झाले. पोरांना ते दिसलं, आणि गुरुजींचे कान लाल होतात हे वर्षभर पुरणारं नवल त्यांना मिळालं.

“ये,” ते म्हणाले.

कानाएने चटईवर पाऊल ठेवलं. ती थंड होती. जुन्या शिवणीचा खरबरीत पट्टा अजून त्याच ठिकाणी तळव्याला लागला. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि तिने पुन्हा कपाळ टेकवलं. तोमोया आपणहून उठला, कोपऱ्यातलं स्टूल घेऊन आला आणि सदऱ्यात परत दडवलेली पाटी काढली. मागून हिगाशी मोठ्याने “अखेर!” म्हणाले. तेव्हा मोरिओने वळून त्यांच्याकडे, मग बहिणीकडे, मग पाटीकडे पाहिलं.

“म्हणजे ही पाटी? अरे, मला एकट्यालाच माहीत नव्हतं का?”

“बाबा, नंतर सांगतो.”

तोमोया सरावाने स्टुलावर चढला, न बघता हात चकचकीत खिळ्याकडे नेला.

“तिथे नको,” तेत्सुझो म्हणाले.

तोमोयाचा हात हवेतच राहिला. कानाएने मान वर केली.

म्हातारा चटई ओलांडून भिंतीच्या उजव्या टोकाला गेला. तिथे सर्वांत वर त्याची एकट्याची पाटी होती. शेजारच्या कोऱ्या फळ्यावर त्याने मोगरीचं टोक टेकवलं, आणि तसाच वळून ती मोगरी नातीपुढे धरली.

“ती जागा आता काळी पडू दे. तोमोया, पाटी इथे लाव, माझ्या शेजारी. एप्रिलपासून ही तालीम कानाएची.”